न गिळलेल्या एकोणीस गोळ्या

सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण मधे कुठेतरी सांगायचं ठरवलं तर मी पुन्हा पळवाट काढीन. माझ्या यकृताची शीर दुसऱ्यांदा बंद पडली ती माझ्या करणीनं. माझी बायको वंदना रोज संध्याकाळी आठ वाजता माझ्या हातावर गोळी ठेवायची आणि पाण्याचा तांब्या पुढे करायची. सलग एकोणीस दिवस मी ती गोळी तळहातात दाबून धरली, रिकामा हात तोंडाशी नेला आणि वरून पाणी प्यालो. पुढं जीव जायची पाळी आली तेव्हा दोष तिच्यावर आला. मी शुद्धीवर होतो. मी बोललो नाही.

हा आजार फार थोड्यांना होतो, आणि ज्यांना होतो त्यांना आधी भलतंच काहीतरी सांगितलं जातं. मी त्यातून बाहेर आलोय. प्लॉटवर चालतोय, जिना चढतोय, जेवतोय. कुणा घाबरलेल्या माणसाच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितो. पण नुसतं बरं झाल्याचं लिहिलं तर ते अर्धंच होईल.

टेप

मी भोकरदनकडच्या टेंभुर्णीला राहतो. एका बियाणे कंपनीत वीस वर्षांपासून प्लॉट तपासायचं काम करतो. कपाशीचं आणि मिरचीचं संकरित बियाणं शेतकऱ्याच्या रानात तयार होतं, त्यावर देखरेख ठेवायची, नमुने घ्यायचे, प्लॉट पास करायचा की नाही ते ठरवायचं. वंदना गावातच अंगणवाडी सेविका आहे. आमची एकुलती मुलगी परभणीला शेतकीचं शिकते.

कापूस वेचणीच्या दिवसांत माझं पोट वाढायला लागलं. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं पुढं. उजव्या बाजूला जड वाटायचं. डोळे जरा पिवळट. मोटरसायकलवर बसलो की टाकी पोटाला टेकायची.

"साहेब, संध्याकाळचे बसायला लागले वाटतं कुठं," एका शेतकऱ्यानं बांधावर टोमणा मारला.

"मी थेंबाला शिवत नाही," मी म्हणालो.

"सगळे तसंच म्हणतेत, साहेब."

सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन मात्र शर्ट पँटच्या बाहेर काढून फिरायला लागलो.

वंदनानं भांडण केलं नाही. अंगणवाडीत पोरांची उंची मोजायची टेप तिच्या पिशवीत असते. एका रविवारी तिनं मला भिंतीला उभं केलं, बेंबीवरून टेप फिरवली आणि कॅलेंडरच्या मागं आकडा लिहिला. पुढच्या रविवारी पुन्हा. तिसऱ्या रविवारी तिनं ते कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"चरबी अशी आठवड्याला चार बोटं वाढत न्हाई. हे पाणी हाय. उद्या संभाजीनगर."

"उद्या प्लॉट..."

"प्लॉट पळून चालला का?"

त्याआधी दोन डॉक्टर झाले होते. एकानं गॅस सांगितला होता. दुसऱ्यानं दारू किती पिता विचारलं आणि माझं उत्तर न ऐकताच लिहायला लागला. आजार पकडला तो माझ्या बायकोनं, एका टेपनं. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

निदानाचा दिवस

संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफी करणारे डॉक्टर पोटावर यंत्र फिरवताना मधेच थांबले. शिरेतून रक्त वाहत असलं की त्या यंत्रातून आवाज येतो, वाऱ्यासारखा. माझ्या पोटात ते एका जागी तसा आवाज शोधत होते आणि तो सापडत नव्हता. खोलीत फक्त पंखा वाजत होता.

मोठ्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. यकृतातून रक्त हृदयाकडं नेणाऱ्या शिरा गुठळीनं बंद झाल्या आहेत. रक्त येतंय, पण बाहेर जायला वाट नाही. म्हणून यकृत फुगलंय आणि पोटात पाणी साचतंय. आजाराचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं, बड-किआरी. बियाणं साफ करायच्या मशिनचं मला माहीत होतं. वरून माल पडतच राहिला आणि खालची नळी तुंबली तर मशीन कसं कण्हायला लागतं ते मी कितीदा बघितलेलं. मला लगेच समजलं. समजलं म्हणूनच घाम फुटला.

वंदनानं विचारलं, "सर, किती दिवस हायेत?"

डॉक्टर म्हणाले, "दिवस कशाला मोजता ताई? शीर उघडू आपण."

बाहेर येऊन आम्ही दोघं बाकड्यावर बसलो. तिनं डबा उघडला. मला भूक नव्हती. ती म्हणाली, "खा. दारुडा म्हणणाऱ्यांच्या तोंडावर फेकायला कागद मिळाला आता." मी दीड भाकरी खाल्ली.

फिरते गवंडी

शीर उघडायची ती मानेतून. मानेच्या शिरेतून बारीक नळी यकृतापर्यंत न्यायची, तिच्या टोकाचा फुगा फुगवून वाट मोकळी करायची आणि पुन्हा मिटू नये म्हणून तारेची जाळी बसवायची. माणूस जागा असतो. भीती वाटते, दुखतं मात्र फार नाही. ज्यांना हे करायचंय त्यांना एवढंच सांगतो, छताकडं बघत राहा आणि नर्स जे विचारेल त्याला उत्तर देत राहा.

आदल्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण माझ्या कॉटपाशी स्टूल ओढून बसली. नाव निलोफर. ती या आजारावर अभ्यास करत होती.

"काका, आपल्या हाडांच्या मगजात काही मूळ पेशी तयार होतात. त्या रक्तातून फिरत असतात. रक्तवाहिनीला आतून जिथं खरचटलं, तिथं त्या जाऊन चिकटतात आणि अस्तर दुरुस्त करतात, असं आम्हाला वाटतं."

"फिरते गवंडी म्हणा की."

ती हसली. "बराबर. फिरते गवंडी."

"मंग माझ्यात हे गवंडी कमी पडले का?"

"तेच मोजायचंय. कमी पडतात, का भरपूर असून भलत्याच जागी थर चढवतात, आम्हालाच अजून माहीत नाही. तुमच्या हातातलं रक्त घेईन, उद्या यकृताच्या शिरेतलं घेईन, आणि पुढं दर तीन महिन्यांनी. यातून तुम्हाला फायदा होईल असं मी बिलकुल सांगणार नाही. हे औषध नाही. कुणी अशा पेशींचं इंजेक्शन देतो म्हणाला तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा."

तिचं हे बोलणं मला फार आवडलं. माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारी माणसं कमी. मी सही केली. तिच्या फॉर्मवर शेवटी एक ओळ होती, गोळ्या नियमित घेतो, हो की नाही. दर भेटीला ती भरायची होती. "एवढी ओळ खरी द्या काका," ती म्हणाली, "बाकी सगळं यंत्र मोजतं."

मला हे कुणी सांगायची गरज नव्हती. बियाण्याच्या प्लॉटभोवती ठरलेल्या अंतरात दुसरी कपाशी चालत नाही, तिचे परागकण येऊन बियाणं भेसळतं. तुळशीरामबापू नावाच्या आमच्या एका शेतकऱ्यानं एका वर्षी बांधापलीकडच्या दहा-बारा झाडांची गोष्ट माझ्यापासून लपवली होती. मला ती कळली तेव्हा मी त्याचा सगळा प्लॉट नापास केला. "बापू, दहा झाडांचं दुःख नाही," मी चारचौघांत त्याला सुनावलं होतं, "तुम्ही लपवलं त्याचं आहे. एका खोट्या नोंदीनं सगळा लॉट जातो." बापू खाली मान घालून उभा होता. मी मोटरसायकलला किक मारून निघून गेल्तो.

रक्त पातळ

शीर उघडली. चार दिवसांत पायांची सूज उतरली, पँटला पुन्हा पट्टा लागला. मी घरी आलो. आता आयुष्यभर एक गोळी, गुठळी न होऊ देणारी. दर महिन्याला रक्त तपासायचं. ते गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा येतो, त्याला आयएनआर म्हणतात. आकडा एका पट्ट्यात राहिला पाहिजे. गोळ्या दोन ताकदीच्या होत्या, दोन रंगांच्या, वाराप्रमाणं बदलून द्यायच्या. वंदनानं त्याचा तक्ता करून कपाटाच्या दारावर चिकटवला. अंगणवाडीतला तक्ता असतो तसाच, लाल-निळ्या रेघांचा.

गावात ही गोळी एकाच नावानं ओळखली गेली, रक्त पातळ करायची गोळी. आणि आमच्याकडं रक्त पातळ झालं म्हणजे माणूस संपला. भेटायला येणारे दाराशी चपला काढतानाच सुरू व्हायचे. "रक्त पातळ करून राह्यले? मंग अंगात ताकद कशी यायची?" दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं, कोपर टेबलाला लागला तर काळानिळा डाग पडला. मला वाटायला लागलं, हे लोक म्हणतात त्यात काहीतरी आहे.

तशात तुळशीरामबापू आला. ज्याचा प्लॉट मी नापास केला तोच. त्यानं आठवणीनं आंबे आणले होते. मनात काही ठेवलं नव्हतं त्यानं, हे मी शपथेवर सांगतो.

"साहेब, धावड्याच्या वर डोंगरात एक म्हातारा मुळी देतो. माझ्या भाच्याची कावीळ त्यानंच उतरवली. पैसा घेत न्हाई, नारळ घेत न्हाई."

मी बौद्ध कुटुंबातला. अंगारे, धुपारे, उतारे आमच्या वडलांनी घराबाहेर ठेवले. विहारात मी स्वतः यावर भाषणं केलेली. मी बापूला हसून वाटेला लावलं. आणि तिसऱ्या दिवशी प्लॉट बघायला जातो म्हणून निघालो तो थेट धावड्याला गेलो.

म्हाताऱ्याच्या तीन अटी. मुळी एकवीस दिवस उपाशीपोटी घ्यायची. तोवर इंग्रजी गोळी बंद. आणि कुणाला सांगायचं नाही, घरच्यांनाही नाही. सांगितलं की गुण जातो.

ही तिसरी अट कशी पकडते ते सांगतो. माझा तिच्यावर विश्वास होता असं नाही. पण ती माझ्या सोयीची होती. ज्यानं विहारात भाषणं केली त्याला मुळी खाताना कुणी बघायला नको होतं, आणि इथं न सांगणं हाच औषधाचा भाग होता. मी लाज झाकली आणि त्याला पथ्य म्हणालो.

गोळ्या फेकून देणं माझ्यानं झालं नाही. वीस वर्षांची सवय, हाताला आलेला नमुना मी कधी टाकत नाही. बियाण्याच्या नमुन्याची एक कापडी पिशवी होती, तीत रोजची गोळी टाकून ती मोटरसायकलच्या डिकीत ठेवायचो.

आळ

विसाव्या दिवशी सकाळी पोटात कळ आली ती थांबेना. पोट पुन्हा तट्ट. वंदनानं गाडी बोलावली आणि भोकरदनवरून जाताना माझ्या बहिणीला, शोभाअक्काला, सोबत घेतलं. आई गेल्यावर मला वाढवलं ते अक्कानंच. तिच्यापुढं मी अजून लहान आहे.

दवाखान्यात आकडा आला तो गोळी न घेणाऱ्या माणसाचा. जाळीत गुठळी होती. मोठे डॉक्टर वॉर्डमध्ये आले.

"गोळी बंद केली होती का?"

"न्हाई सर," वंदना म्हणाली. "मी सोता देते रोज. तक्ता हाय माझ्याकडं."

"मग रंगात गफलत झाली असेल ताई. रोज कमी ताकदीचीच गेली असेल. आकडा खोटं बोलत नाही."

ते पुढच्या कॉटकडं गेले. वंदना तशीच उभी राहिली. पिशवीतून गोळ्यांची दोन्ही पाकिटं काढून उजेडाकडं धरून बघायला लागली. आणि अक्का बोलली. शेजारच्या कॉटवरच्या माणसांनी, नर्सनं, सगळ्यांनी ऐकलं.

"गावभरच्या लेकरायला गोळ्या वाटत फिरती, अन् सोताच्या नवऱ्याला एक गोळी बराबर देता आली न्हाई तुला?"

मी कॉटवर होतो. हाताला सलाईन, तोंड मोकळं. चार शब्द पुरले असते. मी डोळे मिटून घेतले, कण्हलो, आणि त्यांना वाटलं मला दुखतंय.

वंदना माझ्या पायावरची चादर सारखी करत पुटपुटली, "मंगळवारी वीज गेल्ती. त्या दिवशी चुकले असन मी."

चुकली नव्हती ती. कुठल्याच मंगळवारी.

पुन्हा तो आवाज

दुसऱ्यांदा मानेतून नळी गेली. या वेळी गुठळी विरघळवायचं औषध थेट जाळीत सोडलं, एक दिवस थांबले, मग पुन्हा फुगा फुगवला. तो दिवस मी मोजून काढला नाही. घड्याळ भिंतीवर होतं, मी भिंतीकडं बघितलंच नाही.

मग सोनोग्राफीची खोली. तेच डॉक्टर, तेच यंत्र. त्यांनी एक बटण दाबलं आणि खोलीभर आवाज झाला. घुऽ, घुऽ, घुऽ. भर उन्हाळ्यात कडुलिंबातून वारा जावा तसा.

"ऐकलं का?" डॉक्टर म्हणाले. "हे तुमचं यकृत श्वास सोडतंय."

मी रडलो. डॉक्टरांनाही बरं वाटलं असावं, त्यांनी तो आवाज गरजेपेक्षा जास्त वेळ चालू ठेवला. नंतर आठ दिवसांत माझं वजन सात किलोनं उतरलं, सगळं पाण्याचं. वॉर्डातल्या मावशीबाईंनी दिलेला पहिला कपभर चहा, पलंगाला न धरता संडासपर्यंत जाणं, झोपेत कुशीवर वळता येणं. निरोगी माणसाला हे सांगून कळत नाही, आजाऱ्याला सांगावं लागत नाही.

घरातलं मोडलेलं

घरी आल्यावर दिसलं की माझी शीर उघडली होती आणि वंदनाचं काहीतरी मिटलं होतं.

ती गोळी हातावर ठेवायची, परत उचलायची, पाकीट वाचायची, तक्ता वाचायची, मग ठेवायची. मला म्हणायची, "तुमीबी वाचा." शेजारणीला बोलावून वाचून घ्यायची. आता मी प्रत्येक गोळी गिळत होतो, जीभ वर करून दाखवत होतो. ती म्हणायची, "तोंड कामून दाखवता? तुमच्यावर कुठं शंका हाय?"

जंतनाशकाचा दिवस आला तेव्हा तिनं आशाताईला सांगितलं, यंदा गोळ्या तू दे, मी नुसती नावं लिहिते. पंधरा वर्षं गावातल्या प्रत्येक पोराच्या जिभेवर गोळी ठेवणारी बाई. आशाताईनं मला येऊन विचारलं, "दाजी, वंदनाबाईला काय झालंय?" मी म्हणालो, माझ्या दुखण्यानं दमलीय.

वर्षावास सुरू झाला. तीन महिने रोज संध्याकाळी आमच्या विहारात ग्रंथवाचन असतं. आधी त्रिसरण, पंचशील. मी पहिल्या रांगेत बसायचो. सगळ्यांबरोबर म्हणत जायचो, आणि चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज आत जायचा. शेजारचे लोक समजत, अजून अशक्तपणा आहे.

निलोफरच्या टेबलावर

तीन महिन्यांच्या तपासणीला गेलो. वंदना बाहेर रांगेत होती. निलोफरनं माझं रक्त घेतलं आणि फॉर्म पुढं केला.

"काका, तुमच्या केसनं माझं डोकं खाल्लंय. गोळी नियमित चालू असताना जाळी बंद पडली. का, ते मी त्या पेशींमध्ये शोधून राह्यले. तुमच्यासाठी मी वेगळं पान केलंय."

वेगळं पान. ती माझ्या थापेत विज्ञान शोधत होती. उद्या त्यावरून कुण्या दुसऱ्या डॉक्टरला वाटलं असतं की या गोळीचा भरवसा नाही, आणि कुण्या तिसऱ्याच माणसाची गोळी बदलली असती. बापूची खाली घातलेली मान मला दिसली. डिकीतली ती पिशवी कुणाला सापडेल या भीतीनं मी काढून घेतली होती. त्या दिवशी ती माझ्या शर्टाच्या खिशात होती. तीन महिने ती मी इकडून तिकडं हलवत होतो. मी ती टेबलावर ओतली.

"एकोणीस आहेत. मोजून घ्या."

तिनं खरंच मोजल्या. रंग वेगळे केले. मग विचारलं, "कोणत्या तारखेपासून?" मी सांगितलं. मुळीचंही सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं पान काढलं, आडवी रेघ मारली, बाजूला नवीन नोंद केली आणि पेन खाली ठेवलं.

"तुमचा नमुना मी टाकणार नाही काका. आता तो खरा झाला. गोळी सोडल्यावर काय होतं ते यात आहे." मग दाराकडं बघून म्हणाली, "पण मागच्या वेळी मी वॉर्डात होते. काकूंना काय काय ऐकावं लागलं, ते मी ऐकलंय. त्यांना सांगितलं?"

मी मान हलवली. नाही.

"मग माझ्यापेक्षा मोठी दुरुस्ती बाकी आहे."

एसटीतलं सांगणं

परत येताना भोकरदनच्या अलीकडं मी वंदनाला सगळं सांगितलं. खिडकीकडं तोंड करून ती ऐकत होती. मला वाटलं रडेल. तिनं माझ्याकडं वळून बघितलं तेव्हा डोळे कोरडे होते.

"म्हणजे मंगळवारी मी चुकले नव्हते."

"नाही."

"कधीच न्हाई?"

"कधीच नाही."

ती सीटला टेकून बसली. तीन महिन्यांनी तिचे खांदे खाली आलेले मी पाहिले. आणि मग तिचा राग आला, बरोबर ज्या गतीनं यायला हवा त्या गतीनं. पुढच्या सीटवरची म्हातारी वळून बघायला लागली.

"मुळी खाल्ली त्याचा मला राग न्हाई. भेलं की माणूस काहीबी खातं. पण अक्का बोलली तवा तुमी डोळे मिटले. ते दुखण्याचं सोंग होतं?"

"हो."

"मला चारचौघांत बोलल्या त्या. अन् तुमी कबुली देता एसटीच्या सीटवर, कानात! हे मला नको. आळ चारचौघांत आला, उतरवाबी चारचौघांतच."

म्हातारी म्हणाली, "बाई, मुळी कोणची व्हती?" वंदना तिला म्हणाली, "आजी, तुमी पुढं बघा." आणि मग आम्ही दोघंही हसलो, नको त्या वेळी.

त्यानंतरही मी दीड महिना घालवला. अक्काला दोनदा फोन लावला, दोनदा हवापाण्याचं बोलून ठेवला. हेही लिहून ठेवतो.

आज

एसटीतल्या त्या दिवसाला वर्ष होत आलं. जाळी मोकळी आहे, आकडा पट्ट्यात आहे. यंदा क्रॉसिंगच्या, म्हणजे फुलांचं हातानं परागीकरण करायच्या, दिवसांत मी पुन्हा प्लॉटवर गेलो, कपाशीच्या ओळीतून वाकून चाललो. बापूच्या बांधावर बसून त्याच्याच डब्यातलं खाल्लं आणि त्याला पिशवीची गोष्ट सांगितली. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "साहेब, तुमचा प्लॉट नापास!"

वंदनानं यंदाच्या जंताच्या गोळ्या स्वतः दिल्या. रडणाऱ्या पोरांची नाकं धरून दिल्या. मी दारात उभा राहून बघत होतो.

आजाऱ्यांना एवढंच सांगणं. पोट वाढलेला प्रत्येक माणूस पिणारा नसतो. रक्त पातळ होण्याला घाबरू नका, ते घट्ट होण्याला घाबरा. पालेभाजीनं या गोळीचा जोर कमी होतो; ती सोडू नका, पण आज शून्य आणि उद्या टोपलंभर असं करू नका. आणि गोळी सोडावीशी वाटली तर सोडण्याआधी डॉक्टरला सांगा. सोडून बसला असाल तर आज सांगा. घरचं माणूस जी गोळी देतंय तिच्यात त्याचा जीव आहे, हे विसरू नका.

विहारात

एसटीतल्या सांगण्यानंतर दीड महिन्यानं, मागच्या वर्षीच्या आश्विन पौर्णिमेला, वर्षावासाची समाप्ती झाली; ते शेवटी सांगायला ठेवलं होतं. विहार पांढऱ्या कपड्यांनी भरलं होतं. खीर शिजत होती. भोकरदनहून अक्का आली होती, बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसली होती, वंदनापासून चार हात अंतर ठेवून. वाचन संपल्यावर अध्यक्षांनी जाहीर केलं की भास्करराव मरणाच्या दारातून परत आले, ते दोन शब्द बोलतील.

मी लिहून नेलेला कागद उघडलाच नाही. माईकसमोर उभा राहिलो आणि खाली मान घालून, लांबूनच सांगायला लागलो.

"ऐकू यीना!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी परत सुरू केलं. परत तसंच.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं वंदनाचा आवाज आला, खणखणीत, पोरांना हजेरीला बोलावते तसा. "अहो, माईक जवळ घ्या जरा. अन् पहिल्यापासून सांगा. अक्कायला बराबर ऐकू गेलं पाह्यजे."

लोक हसले. अक्कानं पदर सावरला आणि माझ्याकडं बघितलं. मी माईक हातात घेतला.

"अक्का, वंदनानं गोळ्या बराबर दिल्या. रोज दिल्या. एकही चुकली न्हाई. मी त्या घेतल्याच न्हाईत, लपवून ठेवल्या, अन् चोरून मुळी खात होतो. दवाखान्यात तू तिला बोललीस तवा मी जागा होतो. मला सगळं ऐकू येत होतं. मी डोळे मिटून पडलो अन् माझा दोष तिला घेऊ दिला. वंदना, तू दोनदा मला वाचवलं, अन् मी तुला चारचौघांत खोटं पडू दिलं. आज मीही चारचौघांसमोर सांगतो, चूक माझी होती, सगळी माझी होती. मला माफ कर."